कोरडी की तेलकट

बाटलीवरचं बारीक अक्षर वाचायची मला खोड आहे. डाळिंबाच्या बागेत फवारायचं कुठलंही औषध आधी माझ्या चष्म्याखालून जातं, मगच टाकीत पडतं. दुकानदार ‘नवीन आलंय, जोरात चाललंय’ म्हणाला की मी बाटली उलटी करून मागची बाजू बघतो. निम्म्या वेळा आत औषध जुनंच असतं, कपडे तेवढे नवे. निमगाव केतकीच्या बाजारात लोक मला थांबवून पिशवीतली बाटली काढून दाखवतात, आणि मीही उभ्या उभ्या व्याख्यान देतो. थोडक्यात, शहाणपणाचा मक्ता माझ्याकडे.

म्हणूनच पुण्यात शिकणाऱ्या लेकीनं ते काम मला सांगितलं.

“पप्पा, बारामतीला जाताय ना? आईसाठी मायसेलर वॉटर आणा. साबणानं तोंड धुतलं की तिची आग होते. हे कापसावर घ्यायचं आणि पुसायचं. पण नुसतं पुढं ‘हायड्रेटिंग’ लिहिलंय म्हणून उचलू नका. दोन-तीन बाटल्या शेजारी ठेवून घटक वाचा. तुम्हालाच जमेल ते.”

शेवटच्या वाक्यावर मी पाघळलो. बायकोच्या तोंडाची आग होते हे मला पहिल्यांदाच कळत होतं, पण त्या वेळी ते काही मनाला लागलं नाही. बायकांचं असतं काहीतरी, म्हटलं.

ठिबकचा फिल्टर आणायला बारामतीला गेलो, तर आधी पावडर-क्रीमचं दुकान गाठलं. आत सगळ्या बायाच. मी घसा खाकरला, काउंटरवरच्या पोरीला दोन बाटल्या काढायला लावल्या आणि चष्मा चढवला.

पहिला घटक दोन्हीकडं पाणीच. म्हटलं, पाणी विकायला केवढा हा नखरा! घटक जास्तीकडून कमीकडं लिहितात हे लेकीनं सांगून ठेवलं होतं. गुलाबी झाकणाच्या बाटलीत पाण्याच्या पाठोपाठ ग्लिसरीन होतं आणि परफ्यूमचा पत्ता नव्हता. निळ्या बाटलीवर पुढं ‘हायड्रेटिंग’ हे भलंमोठं, आणि मागं अल्कोहोल वर, परफ्यूम त्याच्या खाली, ग्लिसरीन पार तळाला. ईडीटीए दोन्हीकडं. तो तर माझ्या ओळखीचा, जस्ताच्या खताच्या पाकिटावर नेहमी भेटणारा. आणि मळ सोडवणारे जे लांबलचक नावाचे घटक होते, ते आमच्या स्टिकरच्या भावकीतले. स्टिकर म्हणजे औषध पानावर नीट पसरावं म्हणून फवारणीत घालतो ते.

हे सगळं मी त्या पोरीला ऐकवलं. शेजारच्या दोन गिऱ्हाईक बायाही वळून ऐकायला लागल्या. माझी मान ताठ झाली.

“काका, भारी माहिती आहे तुम्हाला,” पोरगी म्हणाली. “काकूंची स्किन कशी आहे? ड्राय, ऑइली?”

“म्हणजे?”

“म्हणजे कोरडी की तेलकट? साल निघते का? कुठं लाल होतं, डाग आहेत?”

मी बायकोचा चेहरा डोळ्यांसमोर आणायला गेलो. कुंकू आलं. चहाचा कप धरलेला हात आला, पदर आला, आवाज तर सगळ्यात आधी आला. गाल काही येईनात. दोन ओळी पलीकडच्या झाडावर तेल्या रोग पडलाय का हे लांबूनच सांगणारा मी, आणि घरातल्या माणसाची कातडी कशी आहे ते मला सांगता येईना.

“नॉर्मल आहे,” मी ठोकून दिलं.

“मग आग कशी होते?” पोरगी म्हणाली. तिला काही टोमणा मारायचा नव्हता. “फोन करून विचारा ना.”

फोन लावला. बायको बागेत होती, वाऱ्यात तिला नीट ऐकू जाईना, म्हणून मला ओरडून विचारावं लागलं, “अगं, तुझं तोंड कोरडं पडतं का तेलकट?”

“मला काय म्हाईत? मी कुठं बघती माझं तोंड? कुंकवापुरता आरसा,” तिकडून तीही ओरडली. “तुमीच बघताय की रोज. तुमीच सांगा त्यांस्नी.”

दुकानभर ऐकू गेलं ते. त्या दोघींतली एक तोंड फिरवून हसली. पण मला लाज वाटली ती तिच्या हसण्याची नाही. बायको अगदी खरं समजून बोलली होती. मी तिच्याकडं रोज बघतो, असं ती धरून चालली होती.

“व्हय, सांगतो,” म्हणून मी फोन ठेवला. गुलाबी झाकणाची बाटली घेतली आणि पोरीकडं न बघता बाहेर पडलो. इंदापूरच्या एसटीत बसल्यावर आठवलं, फिल्टर राहिला. वाटभर बायकोचा चेहरा आठवत होतो. लग्नातला फोटो तेवढा आठवला.

“फिल्टर कुठाय?” घरात शिरल्या शिरल्या तिनं विचारलं.

“राहिला.”

“मग दिसभर केलं काय?”

मी बाटली पुढं केली. तिनं ती उलटीसुलटी केली, हसली, म्हणाली, “मला न्हाय यायचं ह्ये. तुमीच दावा.”

मी दार लोटून घेतलं, दिवा लावला आणि तिला बाजेवर बसवलं. “डोळं मीट,” म्हटलं. कापूस ओला करून कपाळावरून, गालांवरून फिरवला. कापूस मातकट झाला. दुसरा घेतला. दोन्ही गालांवर वांगाचे काळे डाग होते. नाकाच्या कडेला साल सुटली होती. ओठांच्या कोपऱ्यात चिरा होत्या. भुवईत एक जुना वण होता. तो लग्नाआधीचा की नंतरचा, मला ठाऊक नव्हतं, आणि आता विचारायची छातीही नव्हती.

कोरडी होती. लहान पोरानंही सांगितलं असतं.

माझा हात थांबला तसे तिनं डोळे उघडले. मी एवढ्या जवळून बघतोय म्हटल्यावर ती गडबडली. पदर ओढून तिनं निम्मा चेहरा झाकून घेतला.

“आसं काय बघताय? कुणी बघंल की!”

घरात आम्ही दोघंच होतो.