अलोन्सोचा श्वास

चांदीच्या खाणीतून परतलेला अलोन्सो खोकून खोकून गेला, आणि पाद्रीबाबाने त्याला चर्चच्या फरशीखाली पुरलं. तेव्हापासून त्याच्या बायकोचं, लुसिया कार्वाचं, कशात म्हणून लक्ष लागेना. त्यांच्या डोंगरी लोकांत मेलेल्याला नवे कपडे नेसवून डोंगरातल्या कोरड्या गुहेत, वाडवडिलांच्या शेजारी बसवत. तिथे वारा मिळतो. मातीखाली बिचाऱ्याचा जीव कोंडतो. जिवंतपणी त्याला धड श्वास मिळाला नाही, आणि मेल्यावरही सुटका नाही, हे तिला सोसवत नव्हतं.

पूर्वी लोक आपली माणसं गुपचूप उकरून वर नेत. मग एकाला पकडलं, चौकात फटके दिले, प्रेत जाळून टाकलं. तेव्हापासून सगळे चिडीचूप. स्पेनच्या राजाच्या माणसांनी चार गावं डोंगरावरून उतरवून चर्चभोवती बसवली होती. शेजार उदंड, पण या कामाला हात लावील असं कोणी नाही.

चर्चची किल्ली तिच्याच मुलाकडे होती. बार्तोलो पाद्र्याच्याच हाताखाली वाढलेला.

"एकदा दार उघडं ठेव, बाळा. बाकीचं मी बघते."

"तू काय बघणार? ती फरशी तुझ्याच्याने हलायची नाही. आणि तिथून काढलं तर बाबा नरकात जातील, कळतं का तुला?"

"नरकात वारा असतो का रे?"

"आई, गप बस."

मग तिने चर्च झाडायचं काम मागून घेतलं. रोज पहाटे त्या फरशीपाशी पालथी पडून ती टकळीच्या टोकाने सांधा कोरायची. बोटभर भोक पडलं. त्यातून ती मक्याच्या दारूचे थेंब सोडायची, भोकाला तोंड लावून फुंकर घालायची आणि सांगायची, "यंदा बटाटे बारकेच आलेत बघ."

पाद्रीबाबा मनाने वाईट नव्हता, हीच तर पंचाईत. म्हातारी रोज देवापुढे लोटांगण घालते, हे पाहून त्याला भरून आलं.

बार्तोलो धावतच घरी आला. "आई, तुझं नशीब उघडलं! पाद्रीबाबांनी तुला मेल्यावर पुरायला जागा दिलीय, बाबांच्या अगदी शेजारी."

"त्या फरशीखाली?"

"मग आणखी कुठे? तुला आनंद नाही झाला?"

"झाला," ती म्हणाली. तो इतका खूश होता की तिला दुसरं काही बोलवेना.

दुसऱ्या दिवशी ती धापा टाकत गुहेपर्यंत चढली. इथेच बसून राहावं, अन्नपाणी सोडावं, असं मनात होतं. गुहा रिकामी होती. वाडवडिलांना पाद्र्यांनी केव्हाच जाळलं होतं, भिंतींवर काजळी तेवढी उरली होती. वारा मात्र मुबलक. तिने छाती भरून श्वास घेतला आणि तिला रडू फुटलं. एवढी मोकळी हवा, आणि शेजारी आपलं एक माणूस नाही.

उतरताना तिने ठरवलं, जीव कोंडला तर दोघांचा मिळून कोंडू दे. तोवर रोज फुंकर घालायची. आपण खाली गेल्यावर वरून फुंकर घालणारं कोणी उरणार नाही, हे तिला ठाऊक होतं.