पुठ्ठ्याचा जिना

"घाबरू नका ताई, पुठ्ठ्याचं आहे सगळं." असं म्हणून काका टीव्हीकडे बोट दाखवायचे आणि मग त्याच बोटाने चष्मा वर सारून हसायचे.

इथे परदेशात, डँडेनॉन्गमध्ये, आमच्या युनिटला म्हणजे बैठ्या घराला लागूनच त्यांचं युनिट. काकू गेल्यावर मुलगी त्यांच्याजवळ राहायला आली. ती कामाला गेली की दुपारी मी त्यांना गरम भाकरी नेऊन द्यायची. जेवण झालं की ते त्यांचा सिनेमा लावायचे. त्यांचा म्हणजे एकच. हॉलिवूडचा, जुना, काळापांढरा. मोठ्या घरात एक बाई एकटी असते आणि जिन्यावरून कोणीतरी वर येत असतं.

एकच सिनेमा पुन्हा पुन्हा बघणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पण काका बघायचे कमी आणि तो बनवला कसा तेच जास्त सांगायचे. मी चौथीपर्यंत शिकलेली, मला इंग्रजी कळत नाही. खाली बसून मेथी निवडत मी ऐकायची. पडद्यावरची बाई किंचाळली की माझ्या हातातली जुडी सुटायची.

"अहो, तो जिना अर्धाच आहे. वरच्या पायऱ्या पुठ्ठ्यावर रंगवल्यात. खालच्या चार पायऱ्या त्या नटाला दिवसभर चढायला लावल्या. गुडघे गेले असतील बिचाऱ्याचे!"

"आणि एवढी मोठी सावली?"

"एक बुटका माणूस दिव्याजवळ उभा केला. तुमच्याएवढा."

"मी बुटकी होय?"

"मेथी निवडा."

सिनेमातला पाऊस म्हणजे भोकं पाडलेला पाईप. पावलांचा आवाज म्हणजे वाळूच्या खोक्यात बूट आपटणारा कोणीतरी. काकांनी इतक्या वेळा सांगितलं की माझं पाठ झालं.

मग काका विसरायला लागले. आधी चष्मा कुठे ठेवला ते, मग जेवलो की नाही ते. एका दुपारी पडद्यावर जिना आला आणि त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"ताई, तो वर येतोय. दार लावा."

मला वाटलं, आता हसतील. ते हसले नाहीत.

आमच्या युनिटांना जिना नाही. तरी त्यानंतर ते घरभर फिरून जिन्याचं दार शोधायचे.

"मावशी, ती सिनेमाची डिस्क मी फेकून देतेय," मुलगी म्हणाली. "बाबा पॅनिक होतात. आय कान्ट सी हिम लाइक धिस."

मी कुणासमोर फारशी बोलत नाही. पण तेव्हा बोलले. "फेकू नकोस गं. तेवढाच त्यांचा आनंद आहे. एकदा मला बसू दे त्यांच्याजवळ."

"ओके. पण लास्ट टाइम हं, मावशी."

जिना आला. काकांनी डोळे मिटले. मी त्यांच्या शेजारी सोफ्यावर बसले आणि सांगत गेले. अर्धा जिना, नटाचे गुडघे, दिव्याजवळचा बुटका माणूस, पाईप, वाळूचं खोकं. हळूहळू त्यांनी एक डोळा उघडला, मग दुसरा.

"खरंच पुठ्ठ्याचं आहे?"

"हो."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"आमच्या शेजारी एक काका राहतात. त्यांनी."

"हुशार दिसतो माणूस," ते म्हणाले. "एकदा भेटवा."

"भेटवते."

डिस्क राहिली. मग रोज दुपारी मी सांगायची, आणि ते पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखे हसायचे.

या थंडीत त्यांच्या छातीत कफ झाला आणि ते हॉस्पिटलमधून परत आले नाहीत.

अंत्यविधीच्या हॉलमध्ये पुढे त्यांची बंद पेटी होती. लोक रांगेने जाऊन फूल ठेवत होते. माझी पाळी आली तेव्हा मी वाकून हळूच म्हणाले, "घाबरू नका काका, पुठ्ठ्याचं आहे सगळं."

आणि पेटीवर हात ठेवला. लाकूड होतं. गार, जाड, खरंखुरं लाकूड.