तिसऱ्या टेकमधली नजर

ही गोष्ट तुम्हाला पटणार नाही, पैज लावून सांगतो. आजवर मी मारलेल्या थापा अख्ख्या कोल्हापुराला पटल्या. ‘लोखंडी फुलं’ या गाण्याचा व्हिडिओ मी हेलिकॉप्टरला लोंबकळून शूट केला, हे पटलं. प्रत्यक्षात मी पाण्याच्या टाकीवर पोटावर पडलो होतो आणि दोघांनी माझे पाय धरले होते. खाणीतल्या मगरीनं ट्रायपॉडचा एक पाय नेला, हेही पटलं. नेमकी ही एकच पटणार नाही, कारण हिच्यात बनवलेलं एक अक्षर नाही.

दस्तगीर शिकलगार आठवतो का? मराठीत रॉक गाणारा, आमच्या कोल्हापूरचा. बाप सुऱ्या-कात्र्यांना धार लावायचा, यानं आवाजाला लावली. त्याची तीन गाणी गाजली आणि तिन्हींचे व्हिडिओ मी, म्हणजे रंगराव इंगवलेनं, केले. सगळ्यात गाजलं ते ‘अम्मा, जेवून घे’. घरी यायला उशीर होणारा मुलगा आईला सांगतोय, माझ्यासाठी ताट झाकून बसू नको, जेवून घे. व्हिडिओत शेवटच्या ओळीला दस्तगीर ओठ न थांबवता क्षणभर उजवीकडे बघतो. त्या एका नजरेसाठी लोकांनी तो व्हिडिओ शंभरदा पाहिला. पेपरवाले मला विचारायचे, ही नजर कशी काढलीत? मी सांगायचो, “मी त्याला म्हटलं, समज, अम्मा दारात उभी आहे.”

ते शूटिंग चालू असतानाच त्याची अम्मा गेली. दस्तगीर वेळेवर पोहोचला नाही. तीन वर्षांनी कार्यक्रमाहून परत येताना घाटात गाडी उलटली आणि तोही गेला.

परवा त्याच्या थोरल्या बहिणीला, जुबेदाला, घरी जाऊन मी हे सांगितलं. ती सोप्यात लसूण सोलत बसली होती. तिला सांगितलं तसंच इथं लिहितो.

तर दुपारचे अडीच वाजलेत. मी जेवून कॉटवर आडवा झालोय. शेजारच्या गिरणीत दळण चाललंय आणि तिची घरघर भिंतीतून उशीत येतेय. डोळे मिटलेत, पण मी झोपलेलो नाही. पंखा दिसत नसला तरी त्याची पाती मोजतोय. अशात गिरणीची घरघर चढायला लागते. बारीक होते, चिरकते, आणि तिच्यात शब्द येतात. उंदरानं गाणं म्हणावं तसे.

हा आवाज मी ओळखतो. आमच्या धंद्यातला आहे. व्हिडिओत माणूस संथ दिसायला हवा असेल, त्याचे केस, उडणारी धूळ सगळं संथ, पण ओठ मात्र गाण्याला बरोबर, तर कॅमेरा दुप्पट वेगानं चालवायचा आणि सेटवर गाणंही दुप्पट वेगानं वाजवायचं. गायकानं त्या उंदराच्या आवाजावर दुप्पट वेगानं ओठ हलवायचे. पडद्यावर आलं की सगळं शांत होतं. सेटवर मात्र नुसती धावाधाव असते.

मी उशीवरून मान उचलतो, तर उशीच्या जागी दगड आहे. खाण. जोतिबाच्या रस्त्याची, बंद पडलेली, तळाला हिरवं पाणी साठलेली. माझी कॉट कपारीवर उभी आहे आणि कॉटच्या पायाशी दस्तगीर बसलाय. केसांत दगडाची भुकटी. वय तेच, एकतीस. मी बहात्तरचा.

तो बोलतो, पण त्याच चिरक्या आवाजात. काही कळत नाही. ओठ मात्र सावकाश हलतायत. मी घाबरून टेपरेकॉर्डर शोधतो, कॅसेटच्या चाकावर बोट दाबतो. चाक जड होतं, आवाज खाली येतो, खाली येतो, आणि त्याचा स्वतःचा होतो.

“...झोपलाय व्हय, दादा?”

“नाही रे. पडलोय जरा.”

“मग उठा की. टेक कितवा चाललाय?”

“तिसरा.”

“आन् हेच्या म्होरं किती घेतले?”

मी कॅमेऱ्याची काच पुसायला लागतो. कॅमेरा नाही. मी सदऱ्याच्या टोकानं नुसती हवा पुसतोय.

“नऊ,” मी म्हणतो.

“बारा झाले म्हणजे. मला वाटलं, तुमी थांबायचं इसरलाय.” तो हसतो. पूर्वी हसायचा तसाच, एका बाजूनं. “पाय सुजलेवते माझे. शेवटाला तर त्वांड कोण हलवतंय तेबी कळत नव्हतं. वापरला कंचा टेक?”

खाणीची भिंत जवळ सरकते, तिच्यावरून फिल्मच्या पट्ट्या लोंबायला लागतात आणि आम्ही माझ्या जुन्या एडिटिंगच्या खोलीत असतो. पाणी आहे तसंच आहे, फक्त आता ते टेबलाखाली आहे आणि माझे पाय त्यात बुडालेत. समोर फिल्म कापायचं यंत्र. शेजारी फिल्मचे तुकडे जोडायची ती पारदर्शक पट्टी, दोन्ही कडांना बारीक भोकं असलेली. दस्तगीर हातानं चाक फिरवतो. छोट्या पडद्यावर त्याचा चेहरा येतो.

“ह्यो तिसराच हाय,” तो म्हणतो.

“हो.”

“म्हणजे फुडचे नऊ...”

“नाही वापरले.”

“एकबी न्हाई?”

“एकही नाही, दस्तगीर.”

तो मान हलवतो, एखाद्या हॉटेलात नको असलेलाच पदार्थ संपलाय म्हणून सांगितल्यासारखी. मग चाक थांबवतो. पडद्यावर तो उजवीकडे बघतोय.

“हितं मी कुठं बगतोय?”

“दाराकडं. अम्मा दारात उभी आहे, असं...”

“ते पेपरातलं झालं. त्या दिवशी मला काय सांगितलंवतं?”

“काही नाही.”

“मग मी बगतोय कुठं?”

तो चाक एकेक फ्रेमनं फिरवतो. चेहरा मोठा होत जातो. डोळा मोठा होतो. बुबुळात एक लाल ठिपका आहे, आणि तो ठिपका हळूहळू थांबतो. मी नजर काढून घेतो, पण भिंतीवरच्या प्रत्येक पट्टीत, प्रत्येक फ्रेममध्ये तो ठिपका आहे.

“एसटी,” मी म्हणतो.

इथं जुबेदाचा लसूण सोलणारा हात थांबला. कारण ती एसटी तिचीच होती. म्हणजे असं, की जुबेदा तेव्हा स्टँडवर कंट्रोलरच्या केबिनमध्ये नोकरीला होती. आमच्याकडे कुणाला निरोप धाडायचा, डबा धाडायचा, तर त्या रस्त्यानं जाणाऱ्या ड्रायव्हरच्या हातात द्यायचा. तो वाटेत गाडी थांबवून देतो, त्याला काही सांगावं लागत नाही. त्या दुपारी आजारी अम्माला अचानक जास्त झालं. शेजारणीनं स्टँडवर येऊन सांगितलं, तशी जुबेदानं एक चिठ्ठी लिहून जोतिबाच्या गाडीला दिली आणि स्वतः घरी धावली. चिठ्ठीत काय होतं ते ती मला कधीच बोलली नव्हती. मीही विचारलं नव्हतं. विचारायची मला गरज नव्हती.

“थांबलात का?” जुबेदा म्हणाली. “सांगा की फुडं.”

पुढं, एडिटिंगच्या खोलीत एसटी उभी आहे. लाल, धुळीनं भरलेली, इंजिन चालू, ड्रायव्हर नाही. दस्तगीर दार उघडून आत चढतो. मी मागे चढतो, तर आत सीट नाहीत. शिकलगारांचं स्वयंपाकघर आहे. फळीवर पितळी डबे, कोपऱ्यात धार लावायचं बापाचं चाक, मध्ये पाट. पाटासमोर झाकलेलं ताट. खोलीत कुणी नाही, पण नुकतंच कुणीतरी उठून गेल्यासारखं वाटतंय. गाडी हलतेय आणि झाकण बारीक थरथरतंय.

“हात लावून बगा,” तो म्हणतो.

मी झाकणाला हात लावतो. गरम आहे.

“अजून जेवली न्हाई ती,” दस्तगीर म्हणतो. “मी गाण्यात येवढं बोंबलून सांगितलं, अख्ख्या महाराष्ट्राला पाठ झालं. हिला पटलं न्हाई.”

“दस्तगीर...”

“चिठ्ठी कवा आली, दादा?”

हा प्रश्न त्यानं जिवंतपणी मला एकदाच विचारला होता, दफन करून आल्यावर, चप्पल घालता घालता. अम्मा सव्वासहाला गेली होती. मी तेव्हा म्हटलं होतं, साडेसहाला आली, पॅकअपच्या वेळी. तुला लगेच तोंडी सांगितलं ना. आणि चिठ्ठी वाऱ्यानं उडून खाणीत पडली. तो ‘बरं’ म्हणाला होता. त्यानंतर त्यानं माझ्याबरोबर एकही गाणं केलं नाही. मुंबईच्या कुणा दिग्दर्शकाकडे गेला. लोकांना मी सांगितलं, मीच त्याला नकार दिला.

“साडेसहाला,” मी स्वप्नातही म्हणतो.

टेपरेकॉर्डर कुठूनतरी पुन्हा सुरू होतो आणि माझाच आवाज उंदरासारखा येतो, साडेसहाला, साडेसहाला, साडेसहाला. झाकण जोरात थरथरायला लागतं. मी दोन्ही हातांनी ते दाबून धरतो. हात भाजतात.

“पावणेपाचला,” मी ओरडतो. “तिसरा टेक संपला तेव्हा. ड्रायव्हरनं खाली येऊन माझ्या हातात दिली. वाचली मी. घडी घातली आणि खिशात ठेवली. ऊन उतरत होतं रे. धुळीत असा सोन्याचा रंग आला होता, पुन्हा मिळाला नसता. म्हटलं, एकच टेक. मग म्हटलं, आणखी एक. बायका घाबरतात, लगेच बोलावतात, असंही म्हटलं. घर अर्ध्या तासावर होतं. मला ठाऊक होतं अर्ध्या तासावर होतं.”

आवाज थांबतो. झाकण थांबतं.

“गाडी थांबलेली मी बगितलीवती,” दस्तगीर म्हणतो. “त्वांड हलवता हलवता. म्हटलं, जुबीनं डबा धाडला आसंल. दादा देतील शॉट झाला की.”

एवढंच. शिवी नाही, काही नाही. मला शिवी हवी होती.

पुन्हा खाण. तो खडकावरून पाण्यात उतरतोय, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, गळ्यापर्यंत, पडद्यावरच्या संथ चालीनं. मी हाका मारतो, पण माझ्या हाका दुप्पट वेगानं जातात आणि त्याला कळत नाहीत. तो बुडी मारतो. पाणी मिटतं. मी बोटं मोजतो, पाती मोजतो, टेक मोजतो. बाराव्याला तो वर येतो. केस कोरडे, कपडे कोरडे. हातात ती चिठ्ठी, तीही कोरडी. माझी मूठ उघडून तो चिठ्ठी आत ठेवतो, मूठ मिटतो, आणि त्याच्या त्या एका बाजूच्या हसण्यानं म्हणतो, “जाऊ द्या, दादा. माझ्या मनात काय न्हाई. ही तेवढी जुबीला द्या.”

मी जागा होतो. शेजारची गिरणी बंद झालीय. पंखा फिरतोय, कॉट कॉटच्या जागी आहे. उजवी मूठ घट्ट मिटलेली. उघडतो, तर आत चिठ्ठी.

“ही बघ,” असं म्हणून मी ती जुबेदापुढं धरली.

तिनं हात पदराला पुसले. चष्मा लावला. चिठ्ठी घेऊन घड्या एकेक करून उलगडल्या. एसटीच्या छापील कागदाचा फाडलेला तुकडा, निळं बॉलपेन. ‘दस्तू, अम्मा तुझं नाव घेतीया. असशील तसा ये.’ खाली वेळ, चार दहा. कंट्रोलरच्या केबिनमधली सवय. जुबेदा वाण्याच्या यादीवरही वेळ घालायची. तिनं ती ओळ वाचली. परत वाचली. वेळेवर अंगठा ठेवला, काढला. अंगणात कुणाची तरी कोंबडी आली, तिला हुसकावलं नाही.

मी म्हटलं, “मनात काही नाही म्हणाला. स्वतःच्या तोंडानं म्हणाला, जुबेदा.”

तिनं चिठ्ठी उलटी केली. मागची बाजू उजेडाकडं धरून बराच वेळ बघितली. नखानं काहीतरी खरवडलं.

“पाण्यात पडलीवती न्हवं ही?” तिनं विचारलं.

“हो.”

“आन् सपनात दस्तूनं काढून दिली.”

“देवाशपथ.”

“मग घडीवर फाटल्याली जागा ही भोकाभोकाच्या पट्टीनं चिकटवली कुणी? दस्तूनं?” तिनं चष्मा काढला. चिठ्ठी माझ्याकडं परत दिली नाही. “खोटं बोलताय, रंगादादा. मुठीत न्हाई सापडली ही. अठ्ठावीस वर्सं तुमच्याजवळच हाय. उघडून उघडून फाटलीया.”