तिले लागस

आमच्या जळगावात वाईन शॉप पुष्कळ, वाईन मात्र शोधावी लागते. खाली रम-व्हिस्कीची गर्दी आणि सगळ्यात वरच्या फळीवर, ट्यूबलाइटला टेकून, धूळ खात पडलेल्या चार बाटल्या. इथला मे महिना त्या फळीवर काढलेली वाईन उघडली की शिळ्या चिंचेच्या कोळासारखी लागते. हे कळेपर्यंत आम्ही बऱ्याच बाटल्या मोरीत ओतल्या. मग नियमच केला, वाईन थंडीच्या दिवसांतच घ्यायची आणि तीही आतल्या खोक्यातून काढायला लावून.

आम्ही म्हणजे मी आणि आमचे हे. यांना मी अहो-जाहो करते, तेव्हा इथंही तेच चालू ठेवते. रागानं व्याकरण बदललं तर आमच्याकडे सोयच राहणार नाही.

मुलीला नाशिकला कॉलेजात सोडून येताना आम्ही एका द्राक्षबागेत नुसतं बघायला म्हणून थांबलो होतो. पहिल्या घोटाला यांचं तोंड कारलं चावल्यासारखं झालं. मला मात्र आवडली. त्यात पेरूचा वास होता, आणि तो वास मला आला हे तिथल्या माणसानं कौतुकानं दोनदा सांगितलं. परतीच्या वाटेवर चांदवडचा घाट उतरेपर्यंत हे म्हणाले, "घरी एखादी आणून बघू." लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आम्हा दोघांचं असं काही नव्हतं. सगळं मुलांचं, नाहीतर यांच्या माणसांचं. मला त्या बाटलीचा आनंद त्या "बघू"मुळे जास्त झाला.

सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. आमच्या घरात बुधवार तेवढा मोकळा, म्हणून बुधवार धरला. मी मोटारीत बसून सांगायची, हे दुकानात शिरून आणायचे. बाईमाणसानं त्या काउंटरवर उभं राहणं आमच्या मेहरूण भागात अजून पचत नाही.

महागाची बाटली चांगलीच असते हा समज आम्ही लवकर सोडला. बुचाच्या एका भारी बाटलीनं यांच्या वाढदिवसाला तोंडघशी पाडलं. त्याउलट फिरकीच्या झाकणाची साधी पांढरी शेनिन ब्लाँ, हॉटेलातल्या दोन थाळ्यांच्या भावात येणारी, वांग्याच्या भरिताबरोबर अशी जमते की विचारू नका. कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याचा धुरकट वास आणि तिचा किंचित गोडवा, बास. शेवभाजीवर लाल शिराझ घेऊ नये, तिखटाला आणखी आग लागते, तिथं थंडगार गुलाबी रोझे बरी. आणि हिवाळ्यात मेहरूणची बोरं आली की सोव्हिन्यों ब्लाँ. आंबटाला आंबट, पण जोडी जमते. स्टीलच्या पेल्यात चव मरते, म्हणून दांडीचे दोन ग्लास आणले आणि ते पुरणयंत्राच्या मागे लपवले.

गेल्या हिवाळ्यात यांची थोरली बहीण, अक्का, धुळ्याहून एका लग्नासाठी आमच्याकडे राहायला आली. अक्का मनानं मोठी, आवाजानं त्याहून मोठी. सकाळी चहाला दूध घ्यायला तिनं फ्रिज उघडला आणि कोथिंबिरीच्या जुडीमागची अर्धी बाटली मानेला धरून बाहेर आणली. हॉलमध्ये हे पेपर वाचत होते.

"हाई कोनी शे?" अक्कानं विचारलं.

मी उत्तराची वाट बघत होते, अगदी निवांत. आमची आहे, असं हे म्हणतील, अक्का दोन शिव्या घालेल, मग हसून सोडून देईल, एवढंच मला वाटत होतं. यांनी पेपर खाली केला नाही.

"तिले लागस," म्हणाले.

हिला आवडते, असं नाही. हिला लागते. चहा लागतो, तंबाखू लागते, गोळी लागते, तशी. आमच्याशी पुस्तकी मराठी बोलणाऱ्या माणसाच्या तोंडून बहिणीसमोर किती सहज ती अहिराणी आली! मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते.

अक्का ओरडली नाही. तिला नवलही वाटलं नाही, आणि मला कसंतरी झालं ते त्यामुळे. तिनं बाटली जागच्या जागी ठेवली, आत येऊन माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि हळूच म्हणाली, "सोडी दे वं माय. भाऊनी माले कव्हयनंच सांगेल शे. घरमा बठ्ठासले माहीत शे."

कव्हयनंच, म्हणजे केव्हापासूनच; बठ्ठासले, म्हणजे सगळ्यांना. अक्काच्या मुलानं तीनेक वर्षांपूर्वी यांना धुळ्यातल्या एका दुकानातून बाटली घेऊन निघताना पाहिलं होतं. तेव्हाच यांनी बायकोचं व्यसन जाहीर करून स्वतःची सुटका करून घेतली होती. त्यानंतरच्या मे महिन्यात धुळ्याला एका हळदीत मला उन्हानं घेरी आली, तर जावा धावत आल्या आणि एकीनं लिंबू चिरून माझ्या तोंडात पिळलं. किती माया करतात, असं मी मुलीला फोनवर कौतुकानं सांगितलं होतं! त्या माझी नशा उतरवत होत्या. आणि हे मांडवात सगळ्यांदेखत मान खाली घालून उभे होते, सोशिक नवऱ्यासारखे.

अक्का गेल्यावर मी यांना धारेवर धरलं. "मोठ्यांपुढं कसं सांगणार, मी पितो म्हणून?" हे त्यांचं उत्तर.

"आणि मी पिते म्हणून सांगता येतं?"

"तुला कोण काय बोलतंय? उलट सगळे जपतात."

मी म्हटलं, जपणं बंद करायला सांगा. आत्ता, माझ्यासमोर. अक्काला फोन लावा आणि खरं काय ते एका वाक्यात सांगा, नाहीतर बुधवार संपला. बुधवार संपण्याची यांना खरोखर भीती वाटली असावी. दोन दिवस घुटमळले. मग बुधवारी संध्याकाळी स्वतःच ग्लास काढले, शेनिन ओतली, माझा माझ्यापुढे सरकवला आणि फोन लावून तो मोठ्या आवाजावर ठेवला. मला वाटलं, चला, उशिरा का होईना.

"अक्का, एक सांगनं व्हतं," यांनी घसा खाकरला. माझ्याकडे बघितलं. "तिनी सोडी दिन्ही."

पलीकडून अक्काचा आवाज फुटला. "देव पावना वं माय! धन्य शे रे भाऊ तुनी!" मग ती रडायलाच लागली, आणि मागे कुणाला तरी ओरडून सांगू लागली.

हे फोन ठेवून माझ्याकडे बघून हसले. "मिटलं बघ," म्हणाले, आणि स्वतःचा ग्लास उचलला.