कमरेची मूठ

तातू मेस्त्रींनी दोन मिनिटांत माझी डिग्री धुऊन वाळत घातली होती.
आज सकाळी ते गेले.

वालावलचे सुतार. कोयत्याला मूठ बसवायची तर आमच्याकडे दुसरं नाव कुणी घेत नाही.

माझे बाबा माडावर चढतात. नारळ पाडणं हे त्यांचं काम, आणि खरं सांगायचं तर त्यांचा माजही.

दोन वर्षांपूर्वी टेम्पोच्या फाळक्यात त्यांच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं चेंगरली. बोटं वाचली, पण मिटेनात.
मग एकदा माडावरून कोयता निसटला. खाली आई उभी होती. तिच्यापासून वीतभर अंतरावर पडला.
बाबांनी चढणं बंद केलं. बोलणंही जवळजवळ बंदच.

मी पुण्यात प्रॉडक्ट डिझाइन शिकलेली. म्हटलं, हात्तिच्या! हे तर माझंच काम.
मातीत बाबांच्या मुठीचा ठसा घेतला, रबराची जाडजूड ग्रिप केली. अशी फिट बसली की मीच माझ्यावर खूश.

बाबा पंधरा दिवस चढले. मग म्हणाले, "पुरे आता. वय झाला."

माझं डोकंच फिरलं. कोयता घेतला, बाबांना ओढत तातूंकडे नेलं आणि विचारलं, सांगा, ह्यात काय चूक आहे?

तातूंनी मूठ धरून बघितली. "हाताक बरी आसा गो."

आमच्याकडे हातात नसतो तेव्हा कोयता कमरेमागे बांधलेल्या लाकडी आकडीत अडकवतात. तातूंनी तो बाबांच्या आकडीत अडकवला, जरा चालायला लावलं आणि म्हणाले, "शर्ट वयर कर रे."

पाठीवर हा एवढा काळानिळा डाग!

माझी जाडी मूठ पावलापावलाला पाठीत घुसत होती. आणि हा माणूस, लेकीने केलेली म्हणून, चकार शब्द बोलला नव्हता.

"कोयतो हातात रवता घडीभर. कमरेक दिवसभर," तातू म्हणाले. "तू हात बघलंस. बापाशीक खंय बघलंस?"

मला तिथेच रडू फुटलं.

तातूंनी टेप काढलीच नाही. बाबांना अंगणात फिरवलं. उकिडवं बसवलं. वाकवलं. चहा दिला आणि कप कुठल्या बोटांनी उचलतात ते बघत राहिले.
अर्धा तास नुसते बघत होते. एवढं लक्ष देऊन कुणी कुणाकडे बघतं हेच मला ठाऊक नव्हतं.

मग भेंडीच्या झाडाच्या टणक लाकडाची मूठ केली. पाठीकडची बाजू चपटी. टोक चोचीसारखं वाकवलेलं, न मिटणाऱ्या बोटांना कोयता अडून राहील असं.

दुसऱ्या दिवशी बाबा माडावर! आई लांब उभी राहून त्यांना शिव्या घालत होती आणि हसत होती.

आज तिरडीचे बांबू बाबांनीच तोडले, त्याच कोयत्याने. मग खांदा दिला. स्मशानात खाली जमिनीवर बसून राहिले. मग घरी आले.
आंघोळीला कपडे काढताना त्यांचा हात मागे गेला आणि ते थबकले.

कोयता कमरेलाच होता. सकाळपासून.

"माका कळलाच नाय गो," म्हणाले, आणि ढसाढसा रडले.

तातूनू, सावकाश जावा. तुमका आमचो दोघांचो नमस्कार.