पाचवा आठवडा

"दादा, सातव्या महिन्यात मी जिन्यावरून पडले, म्हणूनच माझ्या बाळाला प्लीहा नाही."

"त्या पडण्याचा काडीचा संबंध नाही."

"काचा पुसणाऱ्याला काय कळतंय?"

दादा वीस वर्षं प्रयोगशाळेत मेणात बसवलेल्या अवयवांचे पापुद्र्यासारखे काप काढून काचपट्ट्यांवर चढवायचा. टोमणा त्याने गिळला. "वेडाबाई, प्लीहा पाचव्या आठवड्यातच जठराजवळ आकार धरू लागते. टाचणीच्या टोकाएवढा पेशींचा पुंजका नुसता. तेव्हा तुला दिवस गेल्याचंही ठाऊक नव्हतं."

झोपलेल्या बाळाला थोपटता थोपटता बहिणीने बोटांवर आठवडे मोजले. "तेव्हा मी घर रंगवत होते. त्या वासानं झालं असेल का रे?"

समजूत घालायला गेला आणि तिला आगीतून फुफाट्यात लोटलं त्याने. दादाने चपला पायांत सरकवल्या आणि तो जिना उतरला.