आमेन न म्हणणारं गाव

जग बुडणार हे आमच्या घरमालकीणबाईंना बुधवारीच समजलं होतं. १९६२ सालचा ऑक्टोबर संपत आला होता. क्यूबावरून अमेरिका आणि रशिया एकमेकांवर अणुबॉम्ब रोखून बसले होते आणि इकडे जर्मनीत, लुडविग्सहाफेनमध्ये, या फ्राउ लांग यांनी न्हाणीघरातला टब काठोकाठ बटाट्यांनी भरून टाकला होता. मी त्यांच्या घरी एका खोलीत राहून रंगद्रव्यांवर डॉक्टरेटचं काम करत होतो. त्या टबात आठवड्यातून एकदा आंघोळ करण्याचा माझा हक्क आता बटाट्यांकडे गेला.

मला क्यूबाची फारशी फिकीर नव्हती. माझं जग दुसरीकडेच बुडत होतं. त्याच सुमाराला चीनने आपल्या सरहद्दीवर हल्ला केला होता आणि माझा थोरला भाऊ, कॅप्टन पुरुषोत्तम, म्हणजे आमचा दादा, नेफात (आजच्या अरुणाचलात) होता. नेमका कुठे, कसा, काही कळत नव्हतं. जर्मन रेडिओवर क्यूबाचं पुराण संपलं की शेवटी हिमालयाच्या वाट्याला एखादं वाक्य येई. त्या वाक्यासाठी मी कान लावून बसत असे, आणि ते ऐकून झालं की जेवण जात नसे.

शनिवारी सकाळी फ्राउ लांग यांनी माझ्या दारात एक ट्रंक आणून आदळली.

"हेर योशी," त्या म्हणाल्या (जर्मन तोंडात जोशींचा असाच योशी होतो), "ही माझ्या भावाकडे पोहोचवा. तो खेड्यात फारर (पाद्री) आहे. खेड्यावर कोण कशाला बॉम्ब टाकतंय? आणि तुम्हीही दोन दिवस तिकडेच राहा. इथे तुम्ही रात्रभर येरझारा घालता, माझी झोप उडते."

ट्रंकेत सार्डिन माशांचे डबे, साखर आणि मेणबत्त्या होत्या. जन्मात मासळी न शिवलेला मी, ते मत्स्यभांडार हातात घेऊन गाडीत बसलो. नॉयश्टाटला गाडी बदलताना ट्रंकेची कडी निसटली आणि डबे फलाटभर घरंगळले. लोकांनी ते गोळा करून दिले, पण प्रत्येक जण डबा हातात देताना माझ्याकडे असा बघे, की या काळ्या माणसाला आतली काही बातमी असावी. तेवढ्यात एक म्हातारी जवळ येऊन हळूच विचारून गेली, "सोमवारी पडणार का?"

पुढे डोंगराच्या उतारावर द्राक्षांचे मळेच मळे लागले. पानं हळदीसारखी पिवळी झाली होती आणि ओळींमधून माणसं वाकून तोडणी करत होती. इतकं शांत दृश्य होतं की मला त्याचा रागच आला.

गावाचं नाव सांगत नाही. स्टेशनवर फारर वेबर ढकलगाडी घेऊन आले होते. सत्तरीचे, उंच, काटकुळे, आणि टोपी वाऱ्याने उडू नये म्हणून त्यांनी ती मफलरने हनुवटीखाली बांधलेली. त्यांनी ट्रंक उघडून पाहिली आणि खो-खो हसले.

"जगाचा कारभार माझ्या बहिणीकडे असता तर याची गरज पडली असती; सुदैवाने तो दुसऱ्या कोणाकडे आहे," ते म्हणाले. "आल्झो (तर मग), चला. तोडणीची माणसं उपाशी आहेत."

आणि खरोखरच, मळ्याच्या बांधावर पोहोचताच त्यांनी एकेक डबा उघडून मजुरांना वाटायला सुरुवात केली. मी घाबरून म्हटलं, "अहो, हे युद्धासाठी आहे!"

"युद्ध दुपारपर्यंत आलं नाही," फारर म्हणाले, "आणि भूक आली."

मला रिकामं बसवेना, म्हणून मीही कामाला लागलो. तिथे पाठीवर बांधायची एक उंच टोपली असते. ती भरली की शिडी चढून, खांद्यावरून पुढे वाकून, द्राक्षं मोठ्या पिंपात ओतायची. याकोब नावाचा धिप्पाड मळेवाला हे सहज करून दाखवत होता. मीही वाकलो. द्राक्षं गेली आणि त्यांच्यामागोमाग मीही डोक्यावरून पिंपात गेलो. याकोबने मला मानगुटीला धरून बाहेर काढलं तेव्हा माझ्या कानांतून रस गळत होता आणि सगळा मळा पोट धरून हसत होता.

त्यानंतर माझी सगळ्यांशी ओळख झाली. नोयर वाइन (अर्धवट आंबलेला द्राक्षरस) आणि त्स्वीबेलकूखन (कांद्याची जाड, भाजलेली पोळी) पुढे आली. पोळीतले डुकराच्या मांसाचे तुकडे मी वेचून बाजूला ठेवत होतो आणि याकोब ते वेचून खात होता. खाता खाता त्याने विचारलं, "तू एवढा गप्प का? बुडालास म्हणून?"

मी दादाबद्दल सांगितलं. त्याने नाव विचारलं. मी सांगितलं. "पुरु-काय?" मग सबंध बांधावर दादाच्या नावाची तालीम सुरू झाली. "पुरुषो", "पुरुस्त", "पुरुट". नव्या वाइनच्या भरात याकोब हट्टाला पेटला आणि दिवस मावळेपर्यंत प्रत्येक टोपलीगणिक ते नाव घोकत राहिला.

त्याच्याकडूनच मला गावातल्या बंडाची हकिकत कळली. चर्चमध्ये एकच लोखंडी शेगडी होती आणि ती वरच्या माळ्यावर, जिथे पुरुष बसतात तिथे असे. फाररनी यंदा ती खाली म्हाताऱ्या बायकांजवळ आणून ठेवली. तेव्हापासून पुरुषांनी शपथ घेतली होती: चर्चला जायचं, पण शेगडी वर येईपर्यंत आत तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. गाणं नाही, आमेनसुद्धा नाही.

"देवाशी आमचं भांडण नाही," याकोब म्हणाला. "तो आम्हाला ओळखतो. भांडण फाररशी आहे."

संध्याकाळी मी फाररांच्या घरी जेवायला बसलो. समोरच्या भिंतीवर गणवेशातल्या दोन तरुणांच्या तसबिरी होत्या. रेडिओवर पुन्हा क्यूबा, आणि शेवटी हिमालयाचं एक वाक्य: भारतीय सैन्याची माघार. मी ताट बाजूला सारलं. फाररनी उठून रेडिओ बंद केला.

मी जरा तिरसटपणेच विचारलं, "तुम्हाला खरंच वाटतं, की हे सगळं कोणाच्या तरी हातात आहे?"

"वाटतं."

"आणि हे दोघं?" मी तसबिरींकडे बोट केलं आणि लगेच जीभ चावली.

"माझे मुलगे. दोघंही रशियातल्या लढाईत गेले, एकाच हिवाळ्यात." ते पाव कुसकरू लागले. "त्यानंतर कित्येक वर्षं मी प्रवचनं द्यायचो, प्रार्थना म्हणायचो, आणि मनातून देवाशी एक शब्द बोलत नव्हतो. माझाही संपच होता, याकोबसारखा. त्याने मला कामावरून काढलं नाही. रोज सकाळी उठवत राहिला. का नेले, ते मला अजून सांगितलेलं नाही. पण तो इथे होता, एवढं मला ठाऊक आहे. म्हणून या लोकांवरही मला रागावता येत नाही. भांडायला का होईना, येतात ना?"

"मग शेगडी वर नेऊन का ठेवत नाही?"

"छे!" फारर एकदम ताठ झाले. "म्हाताऱ्यांचे गुडघे दुखतात."

रविवारी चर्चमध्ये मला वर पुरुषांमध्ये बसवलं. थंडीने दात वाजत होते. ऑर्गन सुरू झाला, खालून बायकांचा किनरा आवाज आला, पण माळ्यावर सगळे हाताची घडी घालून पुतळ्यासारखे बसले होते. फाररनी प्रार्थना सुरू केली. वॉशिंग्टन आणि मॉस्कोतल्या लोकांना सुबुद्धी मागितली, पेकिंग आणि दिल्लीसाठी मागितली. मग म्हणाले, "आणि आपल्या पाहुण्याचा भाऊ बर्फात लढतो आहे. प्रभो, त्या कॅप्टन पुरुट..." ते थांबले. "पुरुस्टो..." त्यांनी चष्मा पुसला. "पोरुषटन..."

माझ्या शेजारी याकोबची खुर्ची करकरली. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता. फाररनी चौथ्यांदा तोंड उघडलं, "पुरुटोश..." आणि याकोब ताडकन उभा राहून गरजला, "पुरुषोट्टम! देवाला नीट कळू द्या, कोण ते!"

"पुरुषोट्टम!" मागून आणखी कोणी ओरडलं. मग सगळा माळाच. ज्यांनी काल घोकलं होतं ते सगळे उठले. खालच्या बायका माना वर करून बघत राहिल्या.

"गेनाऊ (अगदी बरोबर)," फारर खालून शांतपणे म्हणाले. "धन्यवाद. आमेन."

"आमेन!" माळा म्हणाला, आणि म्हणून झाल्यावर आपण काय केलं ते त्यांच्या लक्षात आलं. पण आता उशीर झाला होता. पुढचं गाणं त्यांनी इतक्या जोरात म्हटलं की ऑर्गन ऐकू येईना. मला हसू आवरत नव्हतं आणि डोळेही पुसावे लागत होते. आठवडाभर जे नाव मी एकटा मनात धरून बसलो होतो, ते अनोळखी माणसांच्या भरल्या चर्चमध्ये घुमलं होतं.

संध्याकाळी याकोबने मला ट्रॅक्टरवर स्टेशनला सोडलं. स्टेशनमास्तर खोलीतून धावत बाहेर आला. रेडिओवर बातमी होती: रशियाने क्यूबातून क्षेपणास्त्रं काढायचं कबूल केलं.

"पाहिलंस?" याकोब म्हणाला. "आम्ही एकदाच आमेन म्हटलं!"

फ्राउ लांग यांना सार्डिनची हकिकत सांगणं हे मात्र क्यूबापेक्षा अवघड गेलं. त्या भावाला काय काय म्हणाल्या ते लिहिण्यासारखं नाही.

तिकडे हिमालयात आमचं युद्ध मिटायला आणखी महिना लागला. तो महिना कसा गेला ते माझं मला माहीत. मी त्याही दिवसांत घाबरलो, जेवण टाकलं. पण सकाळी उठून "दादाला सांभाळ" एवढं म्हणायचो, आणि कोणी तरी ऐकतं आहे असं वाटायचं. रसायनशास्त्रात याला पुरावा म्हणत नाहीत. डिसेंबरात घरून तार आली. दादा गुवाहाटीच्या इस्पितळात होता. हिमदंशाने पायाची बोटं गेली होती, बाकी ठीक.

मी धावत चौकातल्या फोनच्या खोक्यात शिरलो आणि फाररना फोन लावला. मी तार वाचून दाखवली, तेव्हा तिकडून नाक शिंकरल्याचा आवाज आला. म्हातारा रडत होता की काय कोण जाणे. मग त्यांनी विचारलं, "आणि त्याच्याबरोबरचे बाकीचे?"

 सबंध महिना माझ्या प्रार्थनेत एकच माणूस होता. त्याच्या शेजारी कोण उभं होतं, ते घरी परतले का, हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं.

"माहीत नाही," मी म्हणालो.

"मग त्यांच्यासाठी आपण मागू," फारर म्हणाले. "तुम्ही तिथून, आम्ही इथून."

बाहेर लोक फोनसाठी खोळंबले होते. मी फोन ठेवला, टोपी काढली आणि त्या बाकीच्यांसाठी मागत जरा वेळ तिथेच उभा राहिलो.